बोनस दिला, जिंकू दिलं, मग पैसे अडवले: हा करार की सापळा?

लेस्टरकर

नमस्कार मंडळी. जुगार चांगला की वाईट यावर इथे आधीच पुष्कळ काथ्याकूट झालाय, तो विषय बाजूला ठेवू. माझा प्रश्न वेगळा आहे. ऑनलाइन कॅसिनोनं स्वतःहून बोनस दिला, माणूस खेळला, जिंकला, आणि पैसे काढायला गेल्यावर कंपनीनं कुठलंसं कलम पुढे करून सगळी जिंकलेली रक्कम रद्द केली. याला काय म्हणायचं?

निमित्त माझ्या मावसभावाचं. तोही इकडेच, इंग्लंडात. नाताळच्या सुट्टीत एका परवानाधारक साइटवर त्यानं १०० पौंड भरले, वर १०० पौंड बोनस मिळाला. (साइटचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे.) अट अशी की बोनसच्या ३५ पट, म्हणजे ३,५०० पौंडांच्या पैजा लावून झाल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. पठ्ठ्यानं त्या लावल्या, आणि नशीब जोरावर होतं, शेवटी खात्यात २,१४० पौंड उरले. किती पैजा पूर्ण झाल्या हे दाखवणारी हिरवी पट्टी १०० टक्क्यांवर गेली, अभिनंदनाचा संदेश आला, 'बोनस' या चौकटीतले पैसे 'कॅश' या चौकटीत गेले. त्यानं पैसे काढायची विनंती टाकली. काही दिवस नुसतं 'पेंडिंग'. मग मेल: बोनस चालू असताना स्लॉट या चाकं फिरवायच्या खेळात एका स्पिनला (चाकं एकदा फिरवायला) जास्तीत जास्त २ पौंडांची मुभा होती, तुम्ही काही स्पिन २.४० पौंडांचे खेळलात, सबब जिंकलेली रक्कम रद्द. भरलेले १०० पौंड परत करत आहोत.

आता गंमत बघा. ब्रिटनमध्ये ९ एप्रिल २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटवर एका स्पिनला ५ पौंडांची कायदेशीर मर्यादा आहे. १८ ते २४ वयाच्या लोकांना २१ मे २०२५ पासून फक्त २ पौंड. ही मर्यादा कंपन्यांनी कुठे बसवली? थेट बटणात. ५ च्या वर आकडा जातच नाही, आणि वय कमी असेल तर २ च्या वर जात नाही. म्हणजे खेळाडूगणिक मर्यादा बदलणं यांच्या सॉफ्टवेअरला छान जमतं. मग बोनसच्या काळातली स्वतःची २ पौंडांची मर्यादा बटणात का नाही? ती मात्र लांबलचक अटींच्या पानात, चौदाव्या कलमात. शेकडो स्पिन होऊ दिले, एकदाही लाल अक्षरात काही आलं नाही, पट्टी पूर्ण होऊ दिली. भाऊ हरला असता तर ते २.४० कुणी मोजले असते का?

जाणकारांनी मत द्यावं. भारतात असं झालं तर काय होतं तेही वाचायला आवडेल.

खडूस_आजोबा

बाळांनो, जुगारात न्याय शोधताय? धर्मराजालासुद्धा सापडला नव्हता. १०० पौंड परत मिळाले ना, मग देवाला नारळ फोडा आणि सोडून द्या.

लेस्टरकर

आजोबा, पहिलं वाक्य परत वाचा की. :) कंपनीनं परवाना घेतलाय, कर भरते, जाहिरात करते. मग तिचा ग्राहक हा ग्राहकच.

आकडेमोड

आधी या बोनसची खरी किंमत काढू, म्हणजे 'फुकट पैसे दिले होते ना' हा मुद्दा निकालात निघेल.

समजा स्लॉटचा आरटीपी (खेळाडूंना परत मिळणारा वाटा) ९६ टक्के, म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० पौंडांमागे सरासरी ४ कंपनीकडे राहतात. ३,५०० पौंडांची उलाढाल केली की सरासरी नुकसान १४० पौंड. बोनस किती? १००. म्हणजे ही 'भेट' सरासरीनं ४० पौंडांना पडते. काही साइट ३५ पट मोजताना भरलेली रक्कम आणि बोनस दोन्ही धरतात. मग उलाढाल ७,००० आणि सरासरी नुकसान २८०.

यावर कुणी हुशार म्हणेल, मी ब्लॅकजॅक खेळेन, तिथे नीट खेळलं तर कंपनीचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. त्याचीही तजवीज आहे. बहुतेक ठिकाणी ब्लॅकजॅकच्या पैजेतला फक्त १० टक्के भाग अटीत धरतात, म्हणजे ३,५०० भरायला ३५,००० पौंड फिरवायचे. त्याचा अर्धा टक्का १७५. स्लॉटपेक्षा महागच पडलं. हे भारांक उगाच ठेवलेले नाहीत, कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलं आहे.

आणि आता लेस्टरकरांचा मुद्दा. सरासरी नुकसान १४० आहे याचा अर्थ प्रत्येकाचे १४० जातात असा नाही. बहुतेकांचे सगळेच जातात आणि मूठभर लोक मोठी रक्कम घेऊन बाहेर पडतात, तेव्हा ती सरासरी जुळते. ९६ टक्के हा आकडा त्या मूठभरांना पैसे मिळाले असं धरूनच येतो. त्यांच्यातल्या काहींचे पैसे कलम लावून परत घेतले, तर खेळाच्या माहितीत लिहिलेला ९६ हा आकडा बोनसवाल्यांच्या बाबतीत खरा राहत नाही. 'बोनसमधून जास्तीत जास्त इतकेच काढता येतील' ही अटही तेच करते, वरचा शेंडा छाटते. खेळ तोच, यंत्र तेच, पण परतावा कमी. आणि हा कमी झालेला आकडा कुठेही छापलेला नसतो.

पेठेतली_पोर

आकडेमोड यांना दंडवत. वाचनखूण साठवली.

अवांतर: गल्लीत गाडी लावू द्यायची, पाटी झाडाआड ठेवायची आणि टोइंगवाला कोपऱ्यावर चहा पीत उभा. आम्हा पुणेकरांना हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही.

वॅलेटावाला

मी माल्टात याच धंद्यात आहे, पैसे देण्याघेण्याच्या विभागात. मत माझं स्वतःचं, कंपनीचं नव्हे. दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर धागा एकतर्फी होईल.

जास्तीत जास्त पैजेची अट हवेतून आलेली नाही. ती नसेल तर लोक काय करतात? १०० भरायचे, १०० बोनस घ्यायचा, दोनशेच्या दोनशे दोन-तीन मोठ्या डावांत लावायचे. बुडाले तर बुडाले. लागले तर हजार-दीड हजार हातात येतात, आणि मग वीस पेन्सच्या स्पिननं सावकाश अट पूर्ण करायची. हे एकट्यानं केलं तर ठीक. पण बायको, मेहुणा, शेजारी, सगळ्यांच्या नावानं खाती उघडून पद्धतशीरपणे करणारी मंडळी आहेत. एकाच वायफायवर अकरा खाती मी पाहिलीत, आणि अकराही जणांची माहिती एकाच माणसानं भरल्यासारखी. त्यांच्यासाठी नियम लागतातच.

पण २ ऐवजी २.४० ला ते कारण लागू होत नाही, हे उघड आहे. ४० पेन्सांनी कुणी गणित उलटवत नाही. आणि तपासणी पैसे काढतानाच का होते, याचं उत्तर सरळ आहे. हरलेल्या खात्याची फाइल उघडायला कारणच पडत नाही. विनंती आली, रक्कम ठरावीक आकड्याच्या वर असली, की रिस्कवाल्यांच्या रांगेत जाते, तिथे माणूस बसून मागचा सगळा खेळ चाळतो. मर्यादा बटणात बसवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, आमच्याकडे काही ब्रँडवर बसवलीही आहे. जिथे नाही तिथे कारण विचारलं की 'गेम बनवणारी कंपनी वेगळी, बोनसचं इंजिन वेगळं' असं सांगतात. अर्धं खरं आहे ते.

लेस्टरकर

वॅलेटावाला, प्रामाणिक प्रतिसादाबद्दल आभार. भावाचं एकच खातं आहे, पासपोर्ट आधीच तपासून झाला होता. ब्रिटनमध्ये ७ मे २०१९ पासून ओळख आणि वय खेळायच्या आधी तपासणं बंधनकारक आहे, त्यामुळे 'कागदपत्रं आणा' हा जुना बहाणा निदान इथे फारसा चालत नाही.

काळा_कोट

मुंबईत वकिली करतो, इंग्लंडचा कायदा हौसेनं वाचतो. त्यामुळे हा सल्ला समजू नये.

पहिली गोष्ट, इंग्लंडमध्येही १८४५ च्या गेमिंग अ‍ॅक्टपासून पैजेचा करार न्यायालयात टिकत नव्हता. जिंकलात आणि बुकीनं हात वर केले तर कोर्टात दाद नाही. हे बदललं २००५ च्या गॅम्बलिंग अ‍ॅक्टच्या कलम ३३५ नं, जे १ सप्टेंबर २००७ पासून लागू झालं. तेव्हापासून तो इतर करारांसारखा करार. एकदा करार म्हटलं की ग्राहक कायदा आलाच. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टप्रमाणे अट रास्त हवी, स्पष्ट हवी, आणि दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या बाजूचा अर्थ घ्यायचा.

याच जोरावर तिथल्या स्पर्धा आयोगानं, म्हणजे सीएमएनं, २०१६ साली ऑनलाइन जुगार कंपन्यांची चौकशी सुरू केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये विल्यम हिल, लॅडब्रोक्स आणि पीटी एंटरटेनमेंट यांनी लेखी हमी दिली. त्यातली महत्त्वाची दोन: स्वतः भरलेले पैसे काढायला पैजांची अट लावायची नाही, आणि खेळावरची बंधनं स्पष्ट सांगायची, मोघम कलमांच्या आधारे पैसे जप्त करायचे नाहीत. भावाला १०० पौंड मुकाट परत मिळाले, ते कंपनीच्या मोठ्या मनामुळे नव्हे.

कोर्टाचे दोन निकाल तर मुळातून वाचण्यासारखे आहेत.

एक, बेटफ्रेडचा. लिंकनशायरचा एक खेळाडू जानेवारी २०१८ मध्ये फोनवर ब्लॅकजॅकचा एक प्रकार खेळताना १७ लाख पौंड जिंकला. कंपनी म्हणाली, सॉफ्टवेअरमध्ये बिघाड होता, पैसे मिळणार नाहीत. तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर ६०,००० पौंड देऊ केले, ते त्यानं नाकारले. एप्रिल २०२१ मध्ये हायकोर्टानं पूर्ण खटला न चालवताच त्याच्या बाजूनं निकाल दिला. कंपनीनं तीन वेगवेगळ्या दस्तऐवजांतली कलमं पुढे केली होती. न्यायमूर्तींचं म्हणणं असं की ती कलमं या बिघाडाला लागूच होत नाहीत, आणि होत असती तरी इतकी जाचक गोष्ट खेळाडूच्या नजरेस नीट आणून दिलेली नव्हती.

दोन, पॅडी पॉवरचा. ग्लॉस्टरशायरमध्ये माळीकाम करणाऱ्या एक बाई ऑक्टोबर २०२० मध्ये 'वाइल्ड हॅटर' हा खेळ खेळत होत्या. चाक फिरलं आणि 'मॉन्स्टर जॅकपॉट' वर थांबलं, १०,९७,१३२ पौंड ७१ पेन्स. हातात मिळाले २०,२६५. कंपनीचं म्हणणं, आमच्या सर्व्हरनं छोटा 'डेली जॅकपॉट' काढला होता, पडद्यावरचं चित्र चुकीचं जोडलं गेलं, आणि अटींमध्ये लिहिलंय की फरक पडला तर सर्व्हरची नोंद खरी. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टानं बाईंच्या बाजूनं निकाल दिला. खेळाच्या नियमांचा सगळा रोख 'पडद्यावर दिसेल ते मिळेल' असा असताना, त्याच्या उलट बोलणारं आडबाजूचं कलम चालणार नाही.

भावाच्या बाबतीत पडद्यानं काय सांगितलं? अट पूर्ण झाली, पैसे रोख झाले. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, ४० पेन्स नव्हे.

पेठेतली_पोर

मग ३५ पट वगैरे अजून चालतं कसं तिकडे?

लेस्टरकर

आता नाही चालत. १९ जानेवारी २०२६ पासून ब्रिटनमध्ये बोनसची अट जास्तीत जास्त १० पट. आकडेमोड यांच्या हिशोबानं १,००० पौंडांची उलाढाल, सरासरी नुकसान ४०, म्हणजे १०० चा बोनस खरोखर बोनस होतो. भावानं थोडा धीर धरला असता तर... पण असो.

आकडेमोड

बरोबर. पण मग कंपन्या रक्कम तरी कमी करतील नाहीतर इतर अटी कडक. २ पौंडांचं कलम तसंच राहणार, कारण तो नियम फक्त पटींवर आहे. नजर तिकडे ठेवा.

पणजीकार

आमच्याकडचं सांगतो. मांडवीत उभ्या असलेल्या बोटींवर तुम्ही आलात तर प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवण, पेय आणि काही रकमेच्या 'ओटीपी' चिप्स देतात. वन टाइम प्ले. ती चिप काउंटरवर देऊन पैसे मिळत नाहीत, टेबलावर एकदाच लावायची. जिंकलात तर जिंकलेले पैसे साध्या चिपमध्ये मिळतात, ओटीपी चिप मात्र डीलर उचलतो. हरलात तर गेलीच. हाही बोनसच झाला की नाही? पण चिपचा रंग वेगळा, वर लिहिलेलं असतं, आणि डीलर तुमच्या डोळ्यांदेखत ती खोक्यात टाकतो. भांडण मी कधी पाहिलं नाही. साध्या चिप घेऊन काउंटरवर गेलात की कॅशिअर पैसे मोजतो, 'तुम्ही नवव्या डावात काय केलं होतं ते बघून सांगतो' असं म्हणत नाही.

(पाहिलं नाही म्हणजे पूर्वीचं म्हणतोय. फेब्रुवारी २०२० पासून आम्हा गोंयकारांना कॅसिनोत प्रवेश बंद आहे. दारात पोरं पर्यटकांना हाका मारतात, आम्ही फुटपाथवरून ट्रॅफिक बघतो.)

काळा_कोट

पणजीकार, नेमकं. अट कडक असणं वेगळं आणि अट पैसे मोजायच्या वेळेलाच समोर येणं वेगळं.

भारताबद्दल विचारलं होतं म्हणून लिहितो, आणि इथे चित्र एकदम पालटतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३०: पैजेचा करार रद्दबातल, आणि पैजेत जिंकलेली रक्कम वसूल करायला दावा लावता येत नाही. अपवाद एकच, घोड्यांच्या शर्यतीतल्या विजेत्याचं ५०० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचं बक्षीस! साहेबाचा घोडा कायद्यातही पुढे.

आपल्याकडे, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यात, त्याहून कडक. १८६५ चा मुंबईचा तिसरा कायदा पैजेला पूरक असलेले करारही रद्दबातल ठरवतो. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये घेरूलाल पारख खटल्यात सांगितलं की पैजेचा करार रद्दबातल असला तरी बेकायदा नव्हे, म्हणून त्याला जोडलेला भागीदारीचा करार टिकू शकतो. पण मुंबईपुरतं त्या १८६५ च्या कायद्यामुळे तेही दार बंद. मित्राला पैजेसाठी पैसे उसने दिले आणि त्यानं बुडवले, तरी महाराष्ट्रात वांधे.

मग आला २०२५ चा केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा. २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. रमीवाल्यांची 'आमचा खेळ कौशल्याचा' ही जुनी ढाल गेली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. इथल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ लगेच थांबवले आणि शिल्लक काढून घ्या म्हणून कळवलं.

राहिल्या त्या परदेशातल्या साइट. कुरासाओ नावाच्या कॅरिबियन बेटाचा परवाना तळाशी लावलेला असतो, अनेकदा तोही खोटा. त्यांनी तुमचे दोन लाख अडवले तर कुठे जाल? ग्राहक आयोगात? ज्या व्यवहाराला कायदाच उभं करत नाही, त्यातल्या अटी रास्त होत्या का, हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

सातारी_कंदी

काळा कोट, कोर्टाची पायरी तर लांब राहिली, आमच्याकडे वेगळंच घडलं. धाकट्या भावाला टेलिग्रामवरून एक लिंक आली. '५०० टक्के बोनस.' हजार भरले, पाच हजार बोनस. आठवडाभरात खात्यात एक लाख ऐंशी हजार दिसायला लागले. घरात पेढे वाटायचे बाकी होते. काढायला गेला तर चॅटवर उत्तर आलं की सरकारी नियमाप्रमाणे जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आधी भरा, मग रक्कम सुटेल. चौपन्न हजार. मित्राकडून उसने घेऊन भरले. मग म्हणे 'खातं व्हेरिफाय करायला' आणखी वीस. तिथे मला कळलं. तोवर तो पोरगा रात्री झोपत नव्हता, जेवण सोडलं होतं. चॅटवर समोरचा इतकं गोड बोलायचा, 'सर, काळजी करू नका, तुमची रक्कम सुरक्षित आहे', दर तासाला.

हे अटींचं प्रकरण आहे का सरळ चोरी आहे, मला सांगता येत नाही.

आकडेमोड

सरळ चोरी. पडद्यावरचे एक लाख ऐंशी हजार कधी अस्तित्वातच नव्हते. मुद्दाम लिहितो, कारण ३० टक्के हा आकडा खरा असल्यामुळे लोक फसतात. १९६१ च्या जुन्या प्राप्तिकर कायद्यात १ एप्रिल २०२३ पासून कलम १९४बीए आलं होतं, ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस. पण तो कापला जातो. कंपनी कापून उरलेले देते आणि कापलेला आकडा प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो. 'आधी तुम्ही भरा, मग आम्ही सोडतो' असा टीडीएस नसतो. ही मागणी आली की पुढचा रुपयाही द्यायचा नाही.

निलांबरी_बँकवाली

यात आणखी एक बाजू आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. पैसे मिळाले तरी संकट.

या परदेशी साइट पैसे देतात कशा? कंपनीच्या खात्यातून नाही. कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खात्यातून यूपीआयनं किंवा आयएमपीएसनं. ती खाती भाड्यानं घेतलेली असतात, बहुतेकदा एखाद्या विद्यार्थ्याची किंवा मजुराची, आणि त्याच खात्यातून दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचा पैसाही फिरत असतो. तो दुसरा माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, माग काढत पोलीस तुमच्यापर्यंत येतात. मग दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र बँकेला, आणि तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम किंवा अख्खं खातं गोठवलं जातं. पगाराचं खातं असेल तर हप्ते बाउन्स.

आमच्या शाखेत एक मुलगा आला होता, साडेआठ हजार जिंकला म्हणून. गोठलं होतं त्याच्या आईचं खातं, कारण त्यानं तिचा यूपीआय दिला होता. ती बाई काउंटरसमोर पासबुक उघडून मला विचारत होती, 'ताई, हा गुजरातमधला माणूस कोण? मी तर याला ओळखत नाही.' मुलगा शेजारी उभा राहून पंख्याकडे बघत होता.

सातारी_कंदी, अजून तक्रार केली नसेल तर १९३० वर आजच करा. सगळ्या ट्रान्झॅक्शनचे यूटीआर नंबर हाताशी ठेवा. भावाला रागावू नका प्लीज. चॅट डिलीट करू देऊ नका.

सातारी_कंदी

केली ताई. ज्या खात्यात गेले त्यात सात हजार अडवता आले म्हणतात. भाऊ आता बरा आहे.

संपादक

'खात्रीनं पैसे देणारी साइट सुचवतो' अशा आशयाचा एक प्रतिसाद उडवला आहे. सदस्याचं खातंही बंद केलं आहे. चर्चा चालू द्या.

खडूस_आजोबा

बघा, आला की नाही पाहुणा!

लेस्टरकर, एक विचारू? तुमचा भाऊ आणि या सातारच्यांचा भाऊ, दोघांनाही बोनसनंच ओढलं. एकाला इंग्रजांचं कोर्ट आहे, दुसऱ्याला नाही, हे समजलं. पण कंपनी बोनस देते कशाला, हे कुणी बोललं नाही. माणूस बाहेर पडायच्या बेतात असताना त्याला अजून साडेतीन हजारांच्या पैजा लावायला बसवायचं, एवढंच ना? मग अट रास्त केली तरी काय उपयोग? अट म्हणजेच तो धंदा आहे.

वॅलेटावाला

आजोबा, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे 'किती लोक परत आले' या आकड्यावरच बोनसवाल्यांचं वर्षाचं मूल्यमापन होतं. कॅनडात ओंटारिओनं २०२२ मध्ये बाजार खुला करतानाच बोनसची जाहीर जाहिरात बंद ठेवली. बोनस द्या, पण तो स्वतःच्या साइटवर किंवा आधीच संमती दिलेल्या ग्राहकालाच दाखवा. तिथले बुकमेकर काही उपाशी मेले नाहीत.

लेस्टरकर

आजोबांचा मुद्दा मान्य, पण त्यामुळे २,१४० पौंडांवरचा कंपनीचा हक्क सिद्ध होत नाही. धंदा वाईट म्हणून धंदेवाल्याला पैसे ठेवू द्यायचे, हे उफराटं झालं.

ताजी खबर. आज कंपनीचं 'अंतिम उत्तर' आलं. म्हणतात, अटी मान्य असल्याच्या चौकटीवर टिचकी मारली होती, निर्णय कायम. पण 'सदिच्छा म्हणून' ५० पौंडांचा नवा बोनस देऊ करताहेत. त्यालाही १० पट अट आहे! भाऊ चिडून तो घेऊन खेळायला निघाला होता, थांबवलाय. आता त्रयस्थ लवादाकडे जायचं. काळा कोट, काय काय जोडू?

काळा_कोट

बोनस अजिबात स्वीकारू नका, 'तडजोड झाली' म्हणून तोच पुढे करतील. नको असल्याचं मेलवर कळवा.

अंतिम उत्तर आलंय म्हणजे आठ आठवडे थांबायची गरज नाही, लगेच जाता येईल. लवाद कोणता ते कंपनीच्या साइटवर लिहिलेलं असतं, ग्राहकाला फी नाही. त्याआधी एक करा: कंपनीकडे डेटा संरक्षण कायद्याखाली स्वतःची सगळी माहिती मागा. प्रत्येक स्पिनची वेळ, रक्कम, आणि त्या क्षणी शिल्लक बोनसमधली होती की रोख, हे सगळं. महिन्याभरात फुकट द्यावं लागतं. २.४० चे स्पिन नक्की केव्हाचे ते बघा. बऱ्याच साइटवर आधी रोख पैसे खर्च होतात आणि मग बोनस. ते स्पिन भावाच्या स्वतःच्या १०० पौंडांतले निघाले, तर कलमाची भाषा अक्षर न् अक्षर वाचून बघा, 'बोनसच्या पैशांनी खेळताना' आहे की 'बोनस चालू असताना'. दोन्ही अर्थ निघत असतील तर तुमच्या बाजूचा घ्यायला सांगायचं.

जोडायचं ते हे: हिरवी पट्टी १०० टक्के आणि अभिनंदनाचा संदेश यांचे स्क्रीनशॉट, ऑफरच्या पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट (२ पौंडांचा उल्लेख तिथे आहे की नाही, हे महत्त्वाचं), बोनस घेतला त्या दिवशीच्या अटींची प्रत, कारण आजची प्रत बदललेली असू शकते, आणि ५ पौंडांची मर्यादा बटणात कशी बसवली आहे त्याचा छोटा व्हिडिओ. तो तुमचा मुद्दा मला तरी बिनतोड वाटतो. लवादानं नाही म्हटलं तरी छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा १०,००० पौंडांची आहे, तुमची रक्कम त्यात आरामात बसते.

लेस्टरकर

पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट भावाकडे नाहीये. पण ऑफरची मेल आहे, इनबॉक्समध्ये. आत्ता उघडून बघितली: मोठ्या अक्षरात '१०० टक्के बोनस', खाली बारीक अक्षरात ३५ पट, वय १८ च्या वर, मुदत ३० दिवस. २ पौंडांचा उल्लेख नाही.

काळा_कोट

तीच मेल सगळ्यात वर लावा.